मोएरोआच्या नावाची गोधडी

माउके बेट
१२ मार्च १९६८

चि. मोएरोआ हिस तेपाएरू मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तार मिळालीच असेल. तारेत शब्द मोजून घालतात, म्हणून बाकीचं आता सांगते. इतकी वर्षं तुला पत्रं तुझी आई लिहायची. आता ती नाही, आणि मला अक्षराचा गंध नाही, हे तुला माहीत आहेच. म्हणून पाळकांच्या बायकोला, तुताईला, धरून बसवलं आहे. हात तिचा, तोंड माझं. त्यामुळे या पत्रात पाळकांविषयी वावगं काही यायचं नाही. त्यांचं प्रवचन उत्तम झालं. फारच उत्तम झालं. दोन म्हाताऱ्या त्यात झोपल्या. त्यातली एक मी नव्हते.

अक्का सकाळची गेली. तारो कंदांच्या खाचरातून आली, पाय धुतले, ओट्यावर बसली आणि मला म्हणाली की नीरफणस निखाऱ्यावर टाक. मी टाकला. तो भाजून होईपर्यंत ती गेलेली होती. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण उशाशी बसायची तसदीसुद्धा कुणाला दिली नाही. मला रागच आला. नीरफणस मी नंतर खाल्ला, खोटं कशाला सांगू. तिने सांगितला होता ना भाजायला.

तिच्या पोटी मूल नव्हतं, पण तिने पोसलेल्या सात जणांपैकी सहा जण आले. सगळे चाळिशीच्या आसपासचे, आणि लहान पोरांसारखे भांडले की खांदा कुणी द्यायचा. तू आली नाहीस याबद्दल कुणी ब्र काढला नाही. महिन्यातून एकदा बोट येते, तिला कुणाच्या मरणाचं काय. मनाला लावून घेऊ नकोस.

घरापुढेच पुरलं, संत्र्याच्या झाडाजवळ. तिची कपड्यांची पेटी उघडून तिवाइवाई गोधडी काढायचा मान माझा, सख्खी बहीण म्हणून. तिच्या हातच्या सगळ्या गोधड्या चाळल्या आणि त्यातली सगळ्यांत देखणी तिच्या अंगावर पांघरली. बायका म्हणाल्या, असं टाकेकाम बेटावर आता होणे नाही. मग पाळकांनी प्रार्थना केली, तीही उत्तम.

पुढच्या मार्चमध्ये वर्ष भरेल. तेव्हा थडग्याच्या दगडावरचं पांघरूण काढायचा दिवस. त्याला तरी ये. अकरा वर्षं झाली तुला बघून. न्यूझीलंडच्या थंडीत माणूस गोरा होतो म्हणतात, खरं का ते बघायचं आहे.

लोभ आहे तसाच राहू दे, बोटीसारखा महिन्यातून एकदा नको.

तुझी मावशी
तेपाएरू


ऑकलंड
२१ एप्रिल १९६८

ती. मावशीस सादर नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. पाळकबाईंनाही माझा नमस्कार सांगावा, अक्षर फार सुरेख आहे.

तार मला कारखान्यात मिळाली. मुकादमबाईने वाचून दाखवली आणि घरी जा म्हणाली. मी गेले नाही. पाच वाजेपर्यंत कॉलरी शिवत बसले. मी कॉलरीच शिवते, मावशी, अकरा वर्षं. बाह्या दुसरी शिवते, काजं तिसरी. अख्खा सदरा मी एकही शिवलेला नाही. त्या दिवशी दोनशे चाळीस कॉलरी झाल्या आणि एकही उसवावी लागली नाही. घरी आल्यावर मात्र चूल पेटवता येईना. कसं पेटवायचं तेच आठवेना.

आईला चांगली गोधडी पांघरलीत हे वाचून बरं वाटलं. ती कुणाला रिकाम्या हाती पाठवायची नाही, तिला तसं पाठवलं गेलं नाही.

एक मागणं आहे. पेटीच्या तळाशी, जुन्या परकरात गुंडाळलेली एक गोधडी असेल. पांढऱ्यावर हिरवी, क्रोटनच्या पानांची. मी बोटीत बसले त्या वर्षी आईने ती कातरली. अर्धी आम्ही दोघींनी टाचली, आणि उरलेली ती एकटी शिवत होती, दर वर्षी दोन-चार पानं. शेवटच्या पत्रात तिने लिहिलं होतं की पुरी झाली, कोपऱ्यात तुझं नावही घातलं, आता येऊन घेऊन जा. तेवढी मला पाठवा. पांघरायची नाही मला. नुसती घरात असू दे. तिच्या हातचं माझ्या घरात दुसरं काही नाही.

दगडाच्या दिवसाला यायचं बघते. सुट्टी मिळणं अवघड आहे.

आपली
मोएरोआ


माउके
१६ जून १९६८

चि. मोएरोआ हिस मावशीचे आशीर्वाद. वि. वि.

डुकरीण व्याली, नऊ पिल्लं. माइरेच्या वेली यंदा चांगल्या फुटल्या आहेत, बायका रोज माळा करायला रानात जातात. माझा गुडघा गेला आहे, म्हणून मी घरी बसून त्यांच्या नावाने बोटं मोडते.

तुझ्या गोधडीचं असं झालं की

इथपर्यंत लिहून तुताईने लेखणी खाली ठेवली, त्याला आज तीन दिवस झाले. मी तिला सांगत होते की उंदरांनी खाल्ली असं लिही. ती म्हणाली, मी पाळकांची बायको आहे, मी उंदीर लिहिणार नाही. मी म्हटलं, बरं, मग वाळवी लिही. ती उठून घरी गेली. काल मी तिला कोंबडी नेऊन दिली. तिने कोंबडी ठेवून घेतली आणि म्हणाली, खरं सांगणार असाल तरच येते.

तर खरं असं की ती गोधडी तुझ्या आईच्या अंगावर गेली.

मी पेटी उपसली तेव्हा परकरात गुंडाळलेली तळाशी सापडली. उलगडली आणि उजेडात धरली. इतके बारीक टाके घातलेली पानं मी जन्मात बघितली नव्हती. मला वाटलं, अक्काने ही स्वतःसाठीच राखली असणार. आमच्यात म्हाताऱ्या बायका राखतात तशी. कोपऱ्यात लाल दोऱ्याचं काही होतं. मला वाटलं कोवळी वेल आहे. एका अंगाने वाकलेली, वर एक टोक काढलेली. अक्काला कोपऱ्यात काहीतरी खोडी काढायची सवय होतीच. मी त्या वेलीवर हातसुद्धा फिरवला. तुझ्या नावावर हात फिरवते आहे हे मला कळलं नाही, मोएरोआ. शाळेच्या वेळेला मी संत्र्याच्या झाडावर असायचे, ते आता असं फेडते आहे.

तुझं पत्र तुताईने वाचलं तेव्हा ती मधेच थांबली. मी विचारलं, काय झालं. तर म्हणाली की कोपऱ्यातलं नाव तिने त्याच दिवशी वाचलं होतं. सगळ्या बायकांनी वाचलं होतं. त्यांना वाटलं मी मुद्दामच तुझी गोधडी काढली, दूर अडकलेल्या लेकीने आईला आपल्या नावाचं पांघरूण घातलं असं व्हावं म्हणून. घरोघरी त्याची वाखाणणी झाली. आणि मी, मूर्ख, सगळ्यांत देखणी निवडली म्हणून स्वतःवरच खूश होऊन बसले होते.

आता माती उकरायची नाही. दुसऱ्या आठ आहेत, हवी ती मागून घे, सगळ्या घे. पण ती नाही.

(मी, तुताई, माझ्याकडून एवढंच जोडते की मीही गप्प बसायला नको होतं. विचारलं असतं तर हे टळलं असतं.)

राग येईल तो येऊ दे. पण पत्र पाठवायचं थांबू नकोस.

तेपाएरू मावशी


ऑकलंड
११ ऑगस्ट १९६८

ती. मावशीस,

पत्र मिळालं. दुसरी गोधडी नको.

तुमच्या हातून हे मुद्दाम झालं नाही हे मला समजतं. पण समजतं म्हणून सोसतं असं नाही. तुम्ही मला जन्म दिलात आणि बहिणीला देऊन टाकलंत, त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही. बेटावर घरोघरी तसं होतं. आणि मला आई मिळाली ती लाखांत एक. पण माझी म्हणून जी एक वस्तू होती, तीही तुम्हीच देऊन टाकलीत.

आणखी एक बोलते. आईच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी तुमचा निरोप असायचा. मावशी विचारते, ऑकलंडच्या गारठ्यात छातीला लोकरीचं काही घालतेस ना. मावशी म्हणते, संत्री लागली की तुझ्या वाटची दोन ती झाडावर ठेवते. अकरा वर्षं मी ते निरोप वाचत आले. आणि आता तुमची स्वतःची पत्रं वाचते, तर त्यात डुकरीण आणि थट्टा. त्या मावशी कुठे गेल्या, असं वाटतं.

दगडाच्या दिवसाला माझी वाट पाहू नये. काही दिवस पत्रही पाठवू नये.

मोएरोआ


माउके
६ ऑक्टोबर १९६८

चि. मोएरोआ हिस आशीर्वाद.

पाठवू नका म्हणालीस तरी पाठवते. म्हातारीला कोण काय करणार आहे.

तुझं पत्र तुताईकडून चार वेळा वाचून घेतलं. चौथ्या वेळी ती रडली, म्हणून पाचव्यांदा सांगितलं नाही. आता मी जे सांगते ते तिने जसंच्या तसं लिहायचं आहे, तशी शपथ घातली आहे.

ते निरोप मी दिलेले नाहीत. अक्का लिहायला बसायची तेव्हा मी दारात नारळ किसत असायचे. ती विचारायची, पोरीला काय कळवू? मी म्हणायचे, कळव की डुकरीण व्याली. ती मान हलवायची आणि लिहीत राहायची. मला वाटायचं, एका डुकरिणीला किती लिहावं लागतं. छातीला लोकर आणि झाडावरची दोन संत्री हे सगळं तिचं. संत्री मी झाडावर कधीच ठेवली नाहीत. वटवाघळं खातात, ठेवून काय उपयोग.

आता माझी पाळी. तुझं पत्र आलं की ती मला वाचून दाखवायची. शेवटी तू विचारलेलं असायचं की मावशीचा गुडघा कसा आहे, तिला म्हणावं नारळाचं तेल कोमट करून लाव, थंड लावू नको. मी ते ऐकून तेल कोमट करायचे. अजून करते. ते तू लिहायचीस का? लिहीत नसलीस तर सांगू नकोस.

तुझी आई ही अशी. लोकांना वाटतं दयाळू बाई म्हणजे मऊ. ती मऊ नव्हती. तिचा नवरा एक वर्षासाठी माकातेआ बेटावर खाणीत खत खणायला गेला आणि तिथल्याच बाईबरोबर राहिला. निरोप घेऊन जो माणूस आला त्याला तिने आधी जेवायला वाढलं आणि मग काय ते विचारलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं तारोचं खाचर स्वतः उपसायला घेतलं. मी म्हटलं, तो परत येईल तेव्हा बघेल त्याचं खाचर. ती म्हणाली, तो येईल तेव्हा त्याला भूक लागलेली असेल. तो आला नाही. त्या खाचराचं गेली चाळीस वर्षं अर्ध्या बेटाने खाल्लं.

मोठं वादळ आलं तेव्हा तू सात वर्षांची होतीस, तुला आठवत असेल. छप्पर उडालं तशी ती अकरा पोरं घेऊन गुहेत शिरली, त्यातली पाच शेजाऱ्यांची, आणि माझी डुकरीणसुद्धा. तिसऱ्या दिवशी मी तिथे पोचले तेव्हा पोरं डुकरिणीला टेकून गाणी म्हणत होती. मी मात्र घर राखायला मागे राहिले होते. घर काही राहिलं नाही.

आता देऊन टाकल्याचं. बेटावर घरोघरी होतं म्हणतेस. होतं. पण आधी दोन्ही घरं बसतात, बोलतात, ठरवतात. तुझ्या वेळी कुणी बसलं नाही, कुणी बोललं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, अक्कालाही.

तू माझी नववी. तुझ्या वेळी मला ताप चढला तो उतरेना. अक्का धुणं न्यायला आली आणि धुण्याच्या टोपलीत तुलाही घेऊन गेली, मला एक दिवस विसावा मिळेल म्हणाली. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि मी तुला न्यायला गेले. न्यायलाच गेले होते मी. दूध दाटलं होतं, चालताना दुखत होतं. ती दारात पाठमोरी उभी होती, तू खांद्यावर. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, तुझ्या कानात काहीतरी पुटपुटत होती. हसत होती. माकातेआचा निरोप आल्यापासून तिचं हसू मी ऐकलं नव्हतं. तिला चाहूल लागली, ती वळली आणि माझ्याकडे बघितलं. तिने तुला पुढे केलं, मोएरोआ. लगेच पुढे केलं, एक क्षणही थांबली नाही. आणि मी म्हटलं, “टोपली न्यायला आले होते.”

टोपली घेऊन घरी आले. वाटेत तिखट काही लागलं नाही तरी डोळे चुरचुरत होते.

ती समजली असणार. मी कधी विचारलं नाही, तिने कधी काढलं नाही. मग देवळात मी तुमच्या मागच्या बाकावर बसायला लागले. तेवीस वर्षं तुझी वेणी बघितली. तू मागे वळून बघायचीस तेव्हा मी पाळकांकडे बघायचे. म्हणून मला त्यांच्या प्रवचनांची इतकी माहिती.

गोधडीचं काही मी भरून देऊ शकत नाही. सांगायचं होतं ते सांगितलं. दगड मार्चमध्ये उघडतील.

तेपाएरू


ऑकलंड
८ डिसेंबर १९६८

प्रिय मावशीस नमस्कार.

तुझं पत्र महिनाभर माझ्याजवळ आहे. तुझ्या गुडघ्याविषयी मी काय लिहायचे आणि काय नाही, ते सांगू नकोस म्हणालीस म्हणून सांगत नाही. आता विचारते. तुझा गुडघा कसा आहे? आणि तेल थंड लावलंस तर काय होतं?

तुझं पत्र वाचल्यावर मी वर्तमानपत्र घेतलं, आठ पदरी घडी घातली आणि क्रोटनचं पान कातरून बघितलं. आईचा हात डोळ्यांसमोर होता, कात्री स्थिर आणि कागद फिरता. उलगडलं तर आठ तुकडे खाली पडले. मी घडीची बाजू चुकले, मावशी. जिकडे जोडलेलं असायला हवं तिकडेच कापलं. लहानपणी एकदा खऱ्या कापडावर असंच केलं होतं तेव्हा आई म्हणाली होती की आता आपल्याला आठ लहान गोधड्या मिळाल्या. जमिनीवर बसून मी खूप हसले. मार्चपासून पहिल्यांदा. मग दुसरा कागद घेतला, तोही गेला.

आईच्या अंगावर माझं नाव आहे, हे मी रोज मनात घोळवते. कधी ते टोचतं, आणि कधी वाटतं की जगात दुसरीकडे कुठेच ते इतकं नीट ठेवलेलं नसतं. दोन्ही खरं आहे. पुढे कुठलं एक उरेल, माहीत नाही.

मुकादमबाईकडे सुट्टी मागितली. तिने विचारलं, आईला जाऊन तर वर्ष होत आलं ना, मग आता कुणासाठी? मी सांगितलं. सहा आठवड्यांची मिळाली, पगाराशिवाय. रारोतोंगापर्यंत मोठी बोट नक्की आहे. पुढची लहान बोट मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघते म्हणतात, पण तिचं काही खरं नसतं. कदाचित त्या दिवसाला पोचणार नाही. मी नसले तर थांबू नका, हेही लिहिते. पण जमलं तर थांबा.

कापड आणते आहे. पांढरं आणि हिरवं. कातरायला कुणी आहे का बेटावर, ते कळव. मला टाके येतात, घडी येत नाही.

तुझी
मोएरोआ


माउके
१९ जानेवारी १९६९

मोएरोआ, पोरी, पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

गुडघा दुखतो. तेल थंड लावलं तर जास्त दुखतो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पाळकांकडे गेले. त्यांनी दगड उघडायला मार्चची नऊ तारीख धरली होती, वेदीवरून तसं जाहीरही केलं होतं. मी म्हटलं, बोट येईल ती तारीख. ते म्हणाले, बोट एप्रिलमध्ये आली तर? मी म्हटलं, मग एप्रिल. त्यांनी देवाच्या घराची शिस्त वगैरे सांगायला सुरुवात केली, तेव्हा तुताई आतून आली. नवऱ्याला काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही आणि आता ती लिहायलाही तयार नाही. पण पाळक बाहेर आले आणि म्हणाले की बोट येईल ती तारीख. फार समजूतदार माणूस आहे, हे मी नेहमीच म्हणते.

कातरणारं बेटावर कुणी उरलेलं नाही. अक्का शेवटची. पण तू पाठवलेल्या हकिगतीवरून इथल्या बायका रोज माझ्या ओट्यावर जमतात आणि वर्तमानपत्रं कातरतात. पाळकांकडचे सगळे जुने अंक संपले. परवा एकीचं फूल उलगडलं आणि तुटलं नाही. फूल कसलं, खेकडा दिसत होता. पण अखंड होता. सगळ्या मिळून तुला शिकवतील, नाहीतर सगळ्या मिळून चुकतील.

तुझ्या आईचं घर झाडून घेतलं आहे. तुझी चटई तिथे टाकू की माझ्याकडे, हे ठरवता येत नाही, म्हणून दोन्हीकडे टाकली आहे. तुला हवी तिथे झोप.

बोट खडकाळ किनाऱ्याला लागत नाही, बाहेरच थांबते, हे तू विसरली नसशील. होडीतून आणतात, लाट बघून उडी मारावी लागते. अकरा वर्षं कॉलरी शिवून तुझ्या पायांत उडी राहिली असेल की नाही कोण जाणे. मी खाली धक्क्यावर असेन. उतरायला मला दोघी जणी धरतील. तू होडीत असशील तेव्हा लांबूनच मला ओळख, माझे डोळे आता तेवढे पोचत नाहीत.

आजवर आपलं सगळं कुणाच्या तरी हातातून गेलं. आधी अक्काच्या, आता तुताईच्या. दोघींचे हात सोन्याचे, त्याला नाव ठेवत नाही. पण पुढचं आता लिहायला सांगत नाही.

तुताई विचारते, खाली सही काय करू, मावशी लिहू का. मी म्हटलं, जागा कोरी सोड. होडीतून ती मला जी हाक मारेल, तिला मी ओ देईन.